पगारपत्रकातले दोनशे रुपये

माननीय संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात ‘लाडकी बहीण’ योजनेवरून आणि एकूणच सरकारी मदतीच्या योजनांवरून बरीच पत्रे प्रसिद्ध झाली. आम्ही कर भरायचा आणि इतरांनी फुकट खायचे, असा त्यांतल्या बहुतेक पत्रांचा सूर होता. पुण्यातल्याच एका वाचकाने तर, जे आयकर भरत नाहीत त्यांना राज्याचा पैसा कसा खर्च व्हावा याविषयी बोलण्याचा अधिकारच नसावा, असे लिहिले. मी १९८४ पासून २०२१ पर्यंत भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेबनीस होतो. शेकडो लोकांची पगारपत्रके तयार करणे, त्यांच्या पगारातून कर कापणे आणि त्याची चलने वेळेवर बँकेत भरणे, हेच माझे आयुष्यभराचे काम होते. त्यामुळे ‘कर कोण भरतो’ हा माझ्यासाठी केवळ वादाचा विषय नाही. आपल्या दैनिकातली ही चर्चा ज्या समजुतीवर उभी आहे ती समजूत मला चुकीची वाटते, आणि ती का चुकीची वाटते हे सविस्तर सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे, परंतु हा विषय चार ओळींत आटोपण्यासारखा नाही.

आमच्याकडे गेली अकरा वर्षे धुणीभांडी करणाऱ्या मावशी आंबेगाव पठारावर राहतात. त्यांचे यजमान रंगकामाच्या रोजंदारीवर जातात, घरात दोन मुले आणि वृद्ध सासूबाई आहेत, आणि नवराबायकोची मिळून महिन्याची कमाई साडेसतरा हजारांच्या आसपास होते. मावशींना ‘लाडकी बहीण’चे दीड हजार रुपये मिळतात. म्हणजे त्या पत्रलेखकांच्या भाषेत त्या ‘फुकट्या’ ठरतात. ती पत्रे वाचल्यावर एका दुपारी, त्यांची परवानगी घेऊन, मी त्यांच्या महिन्याच्या खर्चाचा कागद मांडला. घरातल्या दोन मोबाइलना प्रत्येकी २९९ रुपयांचे रिचार्ज लागते, त्यावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे एका रिचार्जमध्ये ४५ रुपये ६१ पैसे कर झाला. गॅसच्या सिलिंडरवर ५ टक्के, चहा, साखर, गोडेतेल, मसाला यांवर ५ टक्के, आणि साबण, टूथपेस्ट, डोक्याचे तेल यांवर आज ५ टक्के असले, तरी २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत ते १८ टक्के होते. यजमानांना कामाच्या ठिकाणी जायला जुनी मोटारसायकल लागते आणि तिला महिन्याला बारा लिटर पेट्रोल जाते. पेट्रोल जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क वेगळे आणि राज्याचा व्हॅट वेगळा, आणि हे दोन्ही धरले तर पंपावर मोजलेल्या पैशांतला एक तृतीयांशाहून अधिक भाग करातच जातो. सगळे मिळून मावशींचे घर महिन्याला साडेसहाशे रुपयांहून अधिक कर भरते, म्हणजे वर्षाला आठ हजारांच्या घरात. हा आकडा कागदावर पाहिल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग एवढेच म्हणाल्या, “काका, मला वाटायचं कर म्हणजे तुमच्यासारख्या लोकांचं काम.”

आता माझे सांगतो. माझे निवृत्तिवेतन आणि ठेवींवरचे व्याज मिळून वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास होतात. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर द्यावा लागत नाही, त्यामुळे यंदा माझा आयकर शून्य आहे. कोथरूडमध्ये स्वतःचा दोन खोल्यांचा फ्लॅट असलेला, आजारपणासाठी चार पैसे बाजूला ठेवलेला मी आयकर भरत नाही, आणि त्या वाचकाची कसोटी लावली तर माझाही बोलण्याचा अधिकार जातो. माझ्या सोसायटीतली निम्मी घरे त्या कसोटीत बसणार नाहीत. आयकर हा करांमधला एक कर आहे. तो भरणारा तेवढा करदाता आणि रिचार्ज, तेल, पेट्रोल यांतून कर भरणारा मात्र उपकृत, हा भेद हिशेबाच्या कोणत्याही पद्धतीत बसत नाही. उलट, पन्नास हजार कमावणारा आणि पाच हजार कमावणारा एकाच दराने साबणावर कर भरतात, तेव्हा तो कर गरिबाच्या कमाईचा मोठा हिस्सा खातो, हे हिशेबनिसाला सांगावे लागत नाही.

ही गोष्ट पुण्यात पहिल्यांदा कोणी सांगितली याची आठवण आपल्या वाचकांना करून द्यावीशी वाटते. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात त्यांनी स्पष्ट मांडले होते की सरकारच्या महसुलाचा फार मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, वरच्या आणि श्रीमंत वर्गांकडून तिजोरीत फारसे काही पडत नाही, आणि तरीही त्या महसुलाचा मोठा भाग वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो. त्यानंतर वीस वर्षांनी, १९०२ मध्ये, याच शहरातले गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याला भरणाऱ्या व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर भाषण करताना, लोक दुष्काळाने हैराण असताना सरकारच्या तिजोरीत शिल्लक कशी पडते, असा प्रश्न केला आणि मिठावरच्या कराकडे बोट दाखवले. पुढच्याच वर्षी तो कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. मीठ गरीबही खातो आणि त्यावर तो कर भरतो, ही जाणीव सव्वाशे वर्षांपूर्वी या शहरातल्या सुशिक्षितांना होती. ती आज का राहिली नाही, या प्रश्नाने मला खरोखर वाईट वाटते.

परंतु माझा मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे आणि त्यासाठी मला माझ्या लहानपणाकडे जावे लागेल.

१९७२ साली मी दहा वर्षांचा होतो. शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावात पावसाने सलग दगा दिला होता, विहिरीचा तळ उघडा पडला होता, आणि वडिलांनी बैलजोडी मातीमोलाने विकली होती. माझी आई आधी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आणि नंतर पाझर तलावाच्या मातीकामावर जाऊ लागली. खडीचा ढीग ब्रासच्या मापाने मोजला जाई आणि मोजमाप होईपर्यंत बायका उन्हात ताटकळत बसत. हातोडी निसटून लागल्यामुळे आईच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची नखे काळी पडलेली असत, आणि त्यांवर तिने जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या असत. धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन मी दुपारी कामावर जायचो, कारण तिथे सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा पौष्टिक खाऊ, वाटली जायची. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, मिळे. त्याची भाकरी थापताना तुटायची, म्हणून आई ती तव्यावरच हाताने जोडून घ्यायची. आठवड्याच्या शेवटी मस्टरवर अंगठा उमटवून ती पैसे घेऊन यायची, आणि त्या पैशांत आमचे घर त्या वर्षी तगले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. आमचे घर त्या पन्नास लाखांतले एक होते.

त्या कामांतून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना तिला सरकारी योजनेचे रूप आले, १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्यायचे आणि ते देता आले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, ही जबाबदारी या राज्याने कायद्याने स्वतःवर घेतली. देशाने तसा कायदा करायला २००५ साल उजाडले. हे सगळे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु या कामाचे पैसे कोठून आले, हे फार थोड्यांना ठाऊक असते, आणि माझ्या मते या गोष्टीतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्याकडून हा कर घ्यायचा आणि तो रोजगार हमीच्या निधीला द्यायचा, असे ठरले. त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटार वाहन कर, बागायत जमीन आणि शहरांतल्या मिळकती यांवर अधिभार आले, आणि जेवढी रक्कम या करांतून जमेल तेवढीच राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, असे सूत्र राहिले. पुण्यात दुकान किंवा कार्यालय असणाऱ्यांनी आपल्या मिळकतकराचे बिल नीट पाहावे, त्यात रोजगार हमी उपकराचा रकाना सापडेल. शहरातल्या माणसाला सांगितले गेले की दुष्काळी भागातल्या माणसाला काम देण्यासाठी तुझ्याकडून हा पैसा घेत आहोत, आणि शहरातल्या माणसाने तो दिला. कोण देणार, कशावर देणार, आणि तो पैसा कोठे जाणार, हे तिन्ही उघडपणे सांगून हा निर्णय झाला होता.

मी १९८४ मध्ये नोकरीला लागलो आणि पहिल्याच महिन्यात मला पगारपत्रकातला ‘व्यवसाय कर’ हा रकाना भरायला शिकवले गेले. दर महिन्याला कोणी ना कोणी कामगार खिडकीशी येऊन विचारायचा की ही कपात कशाची. वरिष्ठांनी मला ‘सरकारी कपात’ एवढेच सांगायला सांगितले होते, परंतु मी थांबून समजावून सांगत असे की हा रोजगार हमीचा पैसा आहे, गावाकडे पाझर तलाव आणि रस्ते होतात ते यातून. आमच्या कारखान्यात बीड, उस्मानाबाद, सोलापूरकडची पुष्कळ मुले होती. त्यांतल्या एका फिटरने हे ऐकल्यावर विचारले, “म्हणजे माझी आई जिथं जाते, तिथलं?” मी हो म्हणालो. त्यानंतर त्याने कधी त्या कपातीबद्दल तक्रार केली नाही, आणि दर वर्षी फेब्रुवारीत ती जास्त का कापली जाते हे तोच इतरांना समजावून सांगू लागला. ज्या कराचा हेतू माणसाला कळतो तो कर द्यायला माणूस कुरकुरत नाही, हे मी सदतीस वर्षे खिडकीच्या आतून पाहिले आहे.

याच कराचे आज काय झाले आहे तेही सांगितले पाहिजे. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने व्यवसाय कराला कमाल मर्यादा घातली आहे. ती पूर्वी वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली, आणि त्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही. महिन्याला दहा हजारांहून अधिक पगार असलेल्या पुरुषाच्या पगारातून आज अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे अडीच हजार रुपये कापले जातात. महिलांना २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत सूट आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीच्या फाटकावर बारा तास उभा राहणारा, पंधरा हजार मिळवणारा रखवालदार वर्षाला अडीच हजार व्यवसाय कर भरतो, आणि त्याच फाटकातून मोटारीने आत जाणारा, वर्षाला कोटीभर मिळवणारा अधिकारीही अडीच हजारच भरतो. मला हे पगारपत्रक करताना नेहमी खटकत असे. रखवालदाराच्या उत्पन्नाचा तो सव्वा टक्क्याहून अधिक भाग असतो, तर अधिकाऱ्याच्या उत्पन्नात तो मोजायलाही सापडत नाही. हा कर ज्या हेतूने जन्माला आला तो हेतू गरिबाला काम देण्याचा होता, आणि आज त्याचा भार तुलनेने गरिबावरच अधिक आहे.

आता ‘लाडकी बहीण’ योजनेकडे येतो. तिच्यावर टीका करणाऱ्यांचे सगळेच म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. २०२४ च्या जूनमध्ये, विधानसभेची निवडणूक चार-पाच महिन्यांवर असताना, ही योजना जाहीर झाली, आणि पहिल्या वर्षासाठी ४६ हजार कोटी रुपयांची तरतूद दाखवली गेली. अर्ज घाईने मंजूर झाले, आणि सरकारी नोकरीत असलेल्या दोन हजारांहून अधिक महिलांनी लाभ घेतल्याचे २०२५ मध्ये सरकारलाच सांगावे लागले. हा गैरप्रकार आहे आणि तो पैसा वसूल झाला पाहिजे. परंतु माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. एवढा मोठा खर्च अंगावर घेताना त्यासाठी कोणता कर वाढवणार, कोणाकडून घेणार, हे सरकारने लोकांना सांगितलेच नाही. १९७५ मध्ये या राज्याने जे धैर्य दाखवले होते ते पन्नास वर्षांनी दाखवले नाही. राज्यावरचे कर्ज आज नऊ लाख कोटींच्या पुढे गेले आहे आणि २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात ४५ हजार कोटींहून अधिक महसुली तूट दाखवली आहे. कर्ज काढून दिलेले पैसे कोणीतरी फेडणारच असतो, आणि फेडताना तो बोजा पेट्रोलवर, तिकिटावर, शुल्कावर, म्हणजे पुन्हा मावशींसारख्यांवरच येतो.

हे अनुमान नाही. मावशी आंबेगाव पठारावरून कोथरूडला पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर वाहतुकीच्या, बसने येतात आणि त्यासाठी मासिक पास काढतात. जून २०२५ पर्यंत तो पास ९०० रुपयांना मिळत होता. त्या महिन्यात तो १,५०० रुपयांचा झाला. दर महिन्याला राज्य सरकार त्यांच्या खात्यात दीड हजार रुपये जमा करते आणि त्या तेवढेच दीड हजार बसच्या खिडकीवर मोजतात. पीएमपीची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका भरून काढतात, हे मला कळते. तरीही ज्या बाईला मदत म्हणून पैसे द्यायचे तिच्याच प्रवासाचा खर्च एका झटक्यात सहाशे रुपयांनी वाढवायचा, यात मदतीचा किती भाग उरला, हे तिच्या जागी बसून मोजले पाहिजे.

आणि मावशींच्या सासूबाई. त्यांचे वय सदुसष्ट आहे, दोन्ही गुडघे गेले आहेत, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही एका डोळ्याने नीट दिसत नाही. ‘लाडकी बहीण’ योजना वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंत आहे आणि तिची उत्पन्नाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला अडीच लाख रुपये आहे. पासष्ट वर्षे पूर्ण झाल्यावर वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे, आणि तिथे मदतीची रक्कमही दीड हजारच आहे, परंतु सर्वसाधारण अर्जदारासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एकवीस हजार रुपये आहे. एकवीस हजार म्हणजे महिन्याला साडेसतराशे. पुण्यात एवढ्या पैशांत खोलीचे भाडेही भागत नाही, मग एवढ्या उत्पन्नात जगणारे कुटुंब दाखवायचे कोठून? मी सासूबाईंना सोबत घेऊन संबंधित कार्यालयात गेलो होतो. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने कुटुंबाच्या उत्पन्नाचा दाखला पाहिला आणि अर्ज परत केला. तो मनुष्य वाईट नव्हता, त्याने नियम वाचून दाखवला आणि नियम तसाच आहे. परंतु एकाच छपराखाली, एकाच उत्पन्नात, चाळिशीतल्या, हिंडत्याफिरत्या सुनेला सरकार मदत करते आणि जिला उठबस करताना भिंतीचा आधार लागतो त्या सासूला नाकारते, याचे कोणते समर्थन असू शकते? मावशींनी त्या दिवशी घरी परतताना बसमध्ये सांगितले की त्या महिन्यापासून आपल्या दीड हजारांतले पाचशे सासूबाईंच्या औषधाला देतील. सरकारने जी व्यवस्था करायची ती एका घरकाम करणाऱ्या बाईने करून टाकली.

आपल्या एका पत्रलेखकाने रोजगार हमीची तुलना करून, ते कामाचे पैसे होते आणि हे बसून खाण्याचे आहेत, असे म्हटले आहे. मी खडी फोडणाऱ्या बाईचा मुलगा आहे, त्यामुळे कामाच्या पैशांचा मान काय असतो हे मला कळते. धडधाकट माणसाला काम मिळावे, हेच पहिले, असे माझेही मत आहे. परंतु शहरात कामाची हमी आहे कोठे? देशाचा २००५ चा कायदा ग्रामीण भागापुरता होता. पुण्यातला रंगारी पावसाळ्याचे चार महिने बसून असतो, मजूर अड्ड्यावर सकाळी उभी राहिलेली निम्मी माणसे दहा वाजता डबा घेऊन घरी परततात, आणि त्यांना काम मागण्याचा कोणताही कायदेशीर हक्क नाही. या शहरातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात १९६०-६१ साली ग्रामीण भागातली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे किमान गरजेच्या खाली होती, असे दाखवले होते. शहरी दारिद्र्याकडे त्यांनी तेव्हाच लक्ष वेधले होते. सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा आणि त्याचा भार वरच्या स्तरातल्या लोकांनी आपल्या खर्चाला कात्री लावून उचलावा, असेच त्यांचे सांगणे होते. शहरी रोजगार हमीची मागणी करणारे एखादे पत्र जर त्या पत्रलेखकाने लिहिले, तर त्यावर सही करायला मी स्वतः त्यांच्या घरी जाईन.

सवलती कोणाला मिळतात, याबद्दलही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. पुणे महापालिका १९७० पासून स्वतः राहणाऱ्या मालकांना मिळकतकरात ४० टक्के सवलत देत आली. मध्ये ती रद्द झाली तेव्हा कोथरूड, सहकारनगर, औंध सगळीकडे केवढा संताप उसळला होता, ते आपल्या वृत्तपत्रानेच छापले. २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, मीही त्यासाठीचा पीटी-३ नावाचा अर्ज भरला आणि ती घेतली. थकबाकीदारांसाठी अभय योजना निघतात आणि वर्षानुवर्षे कर न भरलेल्यांचा दंड माफ होतो. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, असे सरकारनेच सांगितले होते. या सवलतींमागे कारणे असतील आणि त्यांतल्या काही योग्यही असतील. परंतु तिजोरीत यायचा रुपया न घेणे आणि तिजोरीतला रुपया देणे, या दोन गोष्टी खातेवहीत एकाच बाजूला पडतात. मला मिळकतकरात मिळालेली सवलत ही मावशींच्या दीड हजारांच्याच जातीची आहे, फक्त ती माझ्या खात्यात जमा होताना दिसत नाही, म्हणून मला कोणी फुकट्या म्हणत नाही.

म्हणून माझे मागणे असे आहे. कोणतीही नवी मदत योजना जाहीर करताना तिचा पैसा कोणत्या करातून येणार, हे त्याच दिवशी, त्याच कागदावर सरकारने लिहावे, म्हणजे देणारा कोण हे सर्वांना कळेल आणि घेणाऱ्याला कोणी शिवी देणार नाही. व्यवसाय कराची २,५०० रुपयांची मर्यादा वाढवण्यासाठी राज्याने केंद्राकडे घटनादुरुस्तीचा आग्रह धरावा, पगार वाढेल तशी ती कपात वाढावी, आणि पंचवीस हजारांच्या खालच्या पुरुष कामगारालाही महिलांप्रमाणे सूट मिळावी. वाढीव पैसा शहरी रोजगार हमीला आणि निराधार वृद्धांना जावा. आणि एकवीस हजारांची मर्यादा, जी वाचताना खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचाही आवाज खाली गेला होता, ती ‘लाडकी बहीण’प्रमाणे अडीच लाखांवर न्यावी. यातली शेवटची गोष्ट करायला घटनादुरुस्ती लागत नाही, विधिमंडळात विधेयक आणावे लागत नाही. एक शासन निर्णय पुरतो.

माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. आमच्या गावचा पाझर तलाव अजून आहे, गेल्या पावसाळ्यात तो भरला होता, आणि त्याच्या खालच्या विहिरींना मार्चपर्यंत पाणी होते. त्या तलावासाठी मुंबई-पुण्यातल्या ज्या कोणा अनोळखी माणसांनी पैसे दिले, त्यांच्यापैकी कोणी तिला फुकटी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मावशींच्या सासूबाईंचा अर्ज मी पुढच्या महिन्यात नवा उत्पन्नाचा दाखला जोडून पुन्हा भरून देणार आहे. मर्यादा तीच राहिली तर तो पुन्हा परत येईल. आपल्या दैनिकाने एखाद्या प्रतिनिधीला त्या दिवशी आमच्यासोबत पाठवावे, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हिशेबनीस,
कोथरूड, पुणे